तुमचा काय संबंध?

थंडी वाजते आहे ना? आफ्रिकेला जायचं म्हणून सुती कपड्यांवर निघालात, पण हे जोस आहे. नायजेरियाच्या मध्यावरचं पठार, हजार मीटरहून जास्त उंचीवर. इंग्रजांनी इथे कथलाच्या खाणी काढल्या, खाणींभोवती गाव वाढलं आणि देशभरातून माणसं पोटासाठी इथे येत राहिली. साल १९६९. दक्षिणेकडे बियाफ्राचं युद्ध अजून संपलेलं नाही. लागोसमध्ये जनरल गोवन यांचं लष्करी सरकार आहे. या बेन्यू-प्लॅटो राज्याचा कारभार लष्कराने नेमलेला गव्हर्नर बघतो, आणि त्याच्या खालोखाल वजन आहे ते सरकारच्या सचिवाचं. त्या सचिवाविरुद्ध कारखान्यातल्या एका मजुराला दाद मागायची आहे. साहेबाने माझ्या बायकोला फूस लावली, असं त्याचं म्हणणं.

त्या मजुराच्या शेजारी जरा उभे राहा आणि विचार करा, याचं वकीलपत्र कोण घेईल. कोर्ट आहे, कायदा आहे, नुकसानभरपाई मागायची सोयही आहे. पण पोलीस सरकारचे, तुरुंग सरकारचा, आणि या सरकारला निवडणुकीत पाडायची सोय नाही, कारण निवडणुकाच नाहीत. मजुराकडे फीला पैसे नाहीत. तरी एक वकील उभा राहतो. एकतीस वर्षांचा, बोलायला लागला की आवाज चढत जाणारा. वकिली लागोसला, इथून शेकडो किलोमीटरवर. नाव गानी फावेहिन्मी.

सरकार त्याला कोर्टात उत्तर देत नाही. त्याला उचलतं आणि तुरुंगात टाकतं. तिथे तो महिनोन्‌महिने राहतो. हा त्याचा पहिला तुरुंग. पुढची चाळीस वर्षं या माणसाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाणार आहे. कधी गणवेशातला अधिकारी विचारेल, कधी पांढरा विग घातलेले न्यायमूर्ती, कधी वकिलांचीच संघटना. यात तुमचा काय संबंध? ना मजूर तुमच्या नात्यातला, ना ती बाई. मग तुम्ही कोण?

या प्रश्नाला या माणसाने काय उत्तर दिलं ते बघायला मी तुम्हाला आणलं आहे. उत्तर एका वाक्यात मिळणार नाही. ठिकाणं बदलावी लागतील, सालं बदलावी लागतील, आणि मध्ये मध्ये बराच वेळ कोर्टाच्या बाकावर बसावं लागेल.

आधी थोडं मागे चला. १९३८, ओंडो. योरुबा मुलुखातलं हे गाव दाट जंगलाच्या पट्ट्यात आहे, म्हणून इथे लाकडाचा व्यापार चालतो. गानींचे वडील त्याच धंद्यातले, गावातल्या मुसलमान समाजातले मान्यवर. २२ एप्रिलला मुलगा झाला. पुढचं भरभर बघा: गावातली अन्सार-उद-दीन शाळा, मग इकारेचं व्हिक्टरी कॉलेज, मग लागोसच्या हायकोर्टात कारकुनी. १९६१ साली हा कारकून लंडनला कायदा शिकायला जातो. शिक्षण अर्ध्यावर असताना वडील जातात, पैसे यायचे थांबतात, आणि हॉटेलात साफसफाईची कामं करून तो परीक्षा पुऱ्या करतो. १९६५ साली मायदेशी परत, अंगावर काळा झगा. एवढं पुरे. गरिबीची गोष्ट सांगून त्यांना मोठं करायची गरज नाही. कोर्टाचा कारकून म्हणून दप्तर हाताळलेला माणूस वकील झाला, एवढं मात्र लक्षात ठेवा. कागद कुठे अडतो आणि कोणाच्या टेबलावर अडतो, हे त्याला ठाऊक होतं. पुढे ते कामाला येणार आहे.

आता लागोस. १९८४. अँथनी व्हिलेजला, गानींच्या कचेरीकडे, जायचं तर पिवळ्या रंगाची, काळे पट्टे ओढलेली मोलुए बस पकडा. बसायला जागा मिळणार नाही, दारात लोंबकळणारा कंडक्टर तुम्हाला आत ढकलेल, आणि घामाच्या गर्दीत एखादा औषधविक्या सगळ्या रोगांवरची एकच गोळी विकत असेल. वाहतूक तुंबली की तुंबली. लोक त्याला गो-स्लो म्हणतात आणि त्या तासाभरात देशाच्या राजकारणाचा निकाल लावून मोकळे होतात. ऐका ते काय बोलताहेत. गेल्या ३१ डिसेंबरला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. जनरल बुहारी यांचं सरकार आहे. आधीच्या राजवटीतले गव्हर्नर आणि मंत्री भ्रष्टाचाराच्या आरोपांखाली लष्करी न्यायाधिकरणांपुढे उभे केले जात आहेत. दारं बंद ठेवून खटले चालताहेत, आणि निर्दोष असल्याचं आरोपीनेच सिद्ध करायचं आहे.

नायजेरियाच्या बार असोसिएशनने या न्यायाधिकरणांवर बहिष्कार घातला आहे. बहिष्कार मोडणारा एक वकील आहे, आणि तो गानी आहे. जनतेचा पैसा लुटणाऱ्यांना वाचवायला वकिलांनी संप करावा, हे त्यांना मान्य नाही. संघटना त्यांचं नाव काळ्या यादीत टाकते. मला त्यांची ही भूमिका पटत नाही. बंद दाराआडचं लष्करी न्यायालय आज चोराला पकडतं म्हणून स्वीकारलं, तर उद्या ते कोणालाही पकडेल. हे गानींना दहा-अकरा वर्षांनी पोर्ट हारकोर्टमध्ये फार मोठी किंमत देऊन दिसणार आहे. तुम्ही तिथेही असाल. पण १९८४ चं हे पान फाडून टाकून त्यांची कहाणी सांगणं अप्रामाणिक ठरेल. एकटं पडायची त्यांची तयारी इथेही दिसते, फक्त या वेळी एकटं पडून ते चुकीच्या बाजूला उभे होते.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, ते एक काम सुरू करतात. त्याचा गाजावाजा होत नाही, पण त्याचं मोल मला फार वाटतं. वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे वकिलांच्या हाती वेळेवर पडत नाहीत, म्हणून ते स्वतःच साप्ताहिक काढतात: नायजेरियन वीकली लॉ रिपोर्ट्स. निवाडा लागला की तो मिळवायचा, तपासायचा, थोडक्यात मांडायचा, छापायचा, देशभर धाडायचा. वीज कधी जाईल याचा नेम नाही, मग जनरेटर लावा. हळूहळू अशी वेळ येते की ज्या वकिलांना गानी आवडत नाहीत त्यांच्याही कपाटात गानींचे खंड आहेत, आणि ज्या न्यायाधीशांनी त्यांना हरवलं त्यांचे निवाडे त्यांच्याच छापखान्यातून जगापुढे जातात.

१९ ऑक्टोबर १९८६, रविवार. इकेजा भागातला तलाबी स्ट्रीट. दुपार व्हायला आली आहे. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे थांबा, आत जाऊ नका.

त्या घरात डेले गिवा राहतात. वय एकोणचाळीस. न्यूजवॉच साप्ताहिकाच्या चार संस्थापकांपैकी एक आणि त्याचे मुख्य संपादक. साप्ताहिक दीड-पावणेदोन वर्षांचं आहे, पण चौकाचौकातल्या पेपरवाल्यांकडे ते आल्या आल्या संपतं. आज सुट्टी म्हणून गिवा उशिरा न्याहारी करताहेत. लंडनहून आलेले त्यांचे सहकारी कायोदे सोयिंका अभ्यासिकेत सोबत आहेत. एका गाडीतून दोघं जण येतात आणि एक पाकीट देऊन जातात. गिवांचा मुलगा ते आत नेतो. पाकिटावर सरकारी मुद्रा आहे. राष्ट्राध्यक्षांकडून काही आलं असेल असं समजून गिवा ते मांडीवर घेऊन उघडतात.

आवाज तुम्ही ऐकलात. रुग्णालयात त्यांचा मृत्यू होतो. सोयिंका वाचतात.

नायजेरियाने बंडं पाहिली होती, युद्ध पाहिलं होतं. पाकिटातला बॉम्ब नव्हता पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरच्या टपरीशी जाऊन बघा. रोज फुकट मथळे वाचणारी मंडळी तिथे घोळका करून असतात आणि तारस्वरात वाद घालतात. आज आवाज खाली आहेत. खुनाच्या आधीच्या दिवसांत सुरक्षा यंत्रणेने गिवांना चौकशीला बोलावलं होतं आणि शस्त्रं आणण्याच्या कटाचे आरोप त्यांच्यापुढे ठेवले होते. गिवांनी ते आपल्या वकिलाला सांगितलं होतं. वकील म्हणजे गानी, आणि दोघं मित्रही होते.

आता अँथनी व्हिलेजमधल्या त्या कचेरीत बसा. इथून पुढे घाई नको, कारण या माणसाची खरी ताकद इथे दिसते. भाषण सगळेच करू शकले असते. गानी काय करतात? साक्षीदारांचे जबाब गोळा करतात. खुनाच्या आरोपाचा मसुदा तयार करतात. त्यात दोन अधिकाऱ्यांची नावं घालतात: लष्करी गुप्तहेर खात्याचे प्रमुख कर्नल हालिरू अकिलू आणि राज्य सुरक्षा सेवेचे लेफ्टनंट कर्नल ए. के. तोगुन. सत्तेवर जनरल बाबांगिडा आहेत आणि हे दोघं त्यांच्या यंत्रणेतले अतिशय बलवान लोक. दोघांनीही आरोप नाकारले, आणि आजपर्यंत कोणत्याही न्यायालयाने कोणालाही या खुनासाठी दोषी ठरवलेलं नाही. हे तुम्ही विसरता कामा नये.

लागोस राज्याच्या फौजदारी कायद्यात एक छोटी वाट आहे. खासगी नागरिकाला खुनासारख्या गुन्ह्यात स्वतः खटला चालवता येतो. मुख्य अट ही: राज्याच्या सरकारी अभियोक्त्याने कागदावर लिहून द्यायचं की आम्ही हा खटला चालवणार नाही. गानी नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळी कागदपत्रं लागोसच्या अभियोग संचालकांकडे देतात आणि सांगतात, एक तर तुम्ही खटला भरा, नाही तर भरणार नाही असं लिहून द्या, मी भरतो. दोन्हींपैकी कोणतंही उत्तर दिलं की सरकार अडकतं. म्हणून अधिकारी कोणतंच उत्तर देत नाहीत. पोलीस तपास चालू आहे, अजून ठरवता येत नाही, असं सांगतात.

हायकोर्टाच्या कारकुनाने हे खूप पाहिलेलं आहे. नकार मिळालेला कागद पुढे नेता येतो. न मिळालेल्या उत्तराविरुद्ध कुठे जायचं? गानी त्याविरुद्धच कोर्टात जातात. त्यांचं मागणं इतकंसं आहे की ऐकताना तुम्हाला नवल वाटेल. या दोघांना शिक्षा द्या असं ते म्हणत नाहीत, अटक करा असंही नाही. अभियोग संचालकांना होय किंवा नाही म्हणायला भाग पाडा, एवढंच.

आणि इथे तो प्रश्न येतो. हायकोर्ट त्यांना उभं करत नाही. अपील कोर्टात सरकारी बाजू म्हणते, मयताचे हे कोण? भाऊ नाहीत, बाप नाहीत, मुलगा नाहीत. वकील होते, तर अशील गेला तेव्हा वकीलपत्रही संपलं. मित्र असणं हे काही कायद्यातलं नातं नव्हे. अपील कोर्टालाही ते पटतं. गानींना दाद मागायचा अधिकारच नाही असं ते ठरवतं.

या युक्तिवादाचा अर्थ काय होतो तो इथे बाकावर बसल्या बसल्या पुरता उलगडून बघा. खून झालेल्या माणसाचं घर भेदरलेलं असतं. त्याच्या बायकामुलांना त्याच गावात, त्याच सरकारखाली जगायचं असतं. फक्त त्यांनाच बोलायचा हक्क आहे असं म्हटलं, की त्यांना गप्प बसवलं म्हणजे काम झालं. ज्याच्यावर संशय आहे ते सरकार, तपास करणारे पोलीस त्या सरकारचे, खटला भरायचा की नाही ते ठरवणारा अधिकारीही सरकारी. साखळीत एकही कडी बाहेरची नाही. बाहेरून कडी घालायला कोणी आला, तर त्याला दारातच विचारायचं, तुमचा काय संबंध?

१८ डिसेंबर १९८७, शुक्रवार. सर्वोच्च न्यायालय तेव्हा लागोसलाच बसायचं. डिसेंबरात सहाराकडून कोरडा वारा येतो, हार्मटन म्हणतात त्याला. बारीक धूळ हवेत तरंगत असते, ओठ फुटतात. तरीही वकिलांच्या डोक्यावर घोड्याच्या केसांचे विग आहेतच, इंग्रज गेले तरी ते गेले नाहीत. निकाल वाचला जातो. न्यायालय म्हणतं, गानी फावेहिन्मी यांना हा अर्ज करायचा अधिकार आहे. गुन्हा हा साऱ्या समाजाविरुद्ध असतो आणि गुन्हेगाराला कायद्यापुढे आणणं हा कोणत्याही नागरिकाचा हक्क आहे. या देशात प्रत्येक जण दुसऱ्याचा भाऊ आहे आणि भावाचा राखणदारही, असा न्यायमूर्तींच्या म्हणण्याचा आशय.

तुम्ही ज्या देशातून आलात तिथे जनहित याचिका हा शब्द पेपरात रोज येतो, म्हणून तुम्हाला हे साधं वाटेल. इथे आज ते साधं नाही. लष्करी राजवट आहे, आणि तिच्या डोळ्यांदेखत सर्वोच्च न्यायालयाने दार उघडलं आहे. निवाडा छापला जातो गानींच्याच साप्ताहिकात, १९८७ च्या चौथ्या खंडात, भाग ६७, पान ७९७.

हा खटला इथेच जिंकला असं मात्र घरी जाऊन सांगू नका. सरकारने अखेर लिहून दिलं की आम्ही खटला चालवणार नाही. गानींनी खासगी अभियोग दाखल केला. हायकोर्टाने तो रद्द केला. दार उघडलं आणि आतली खोली रिकामी निघाली. पण दार उघडं राहिलं.

१९८८ साली इफेच्या विद्यापीठात जा, तिथे विद्यार्थ्यांचा जल्लोष चालू आहे. नायजेरियात नामांकित वकिलांना सीनियर अॅडव्होकेट ऑफ नायजेरिया हा किताब मिळतो. रेशमी झगा, पुढच्या रांगेत जागा. गानींना तो वर्षानुवर्षं नाकारला गेला आहे. म्हणून मुलांनी त्यांना आपल्याकडून किताब दिला: सीनियर अॅडव्होकेट ऑफ द मासेस, जनतेचा ज्येष्ठ वकील. १९७१ पासून गानी गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देत आले आहेत. या गर्दीत त्यांच्या पैशांवर शिकलेला कोणी असला तर नवल नाही.

यानंतर तुरुंगांची रांग लागते आणि मी तुम्हाला प्रत्येक दारात थांबवणार नाही. १९८९: नाणेनिधीच्या सल्ल्याने आणलेल्या आर्थिक कार्यक्रमाने लोक रडकुंडीला आले आहेत. १९८५ मध्ये एका डॉलरला एक नायराही पडत नव्हता, आता सात पडतात. या धोरणाला पर्याय काय, यावर गानी परिसंवाद भरवायला निघतात आणि त्यांना थेट ईशान्येच्या टोकाला, वाळवंटाच्या कडेला गाशुआच्या तुरुंगात नेऊन टाकतात. लागोसहून तिथे भेटायला जाणं हाच एक मोठा प्रवास. १९९२: राजधानी अबुजाजवळचा कुजे तुरुंग. सोबत डॉ. बेको रॅन्सम-कुटी, वकील फेमी फलाना, बाबा ओमोजोला आणि विद्यार्थी नेता ओलुसेगुन मायेगुन. आरोप राजद्रोहाचा. १९९३: १२ जूनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मोशूद अबिओला जिंकत असतात, २३ जूनला बाबांगिडा निवडणूकच रद्द करतात, नोव्हेंबरात जनरल सानी अबाचा सत्ता घेतात. राजकीय पक्षांवर बंदी येते. १९९४ च्या १ ऑक्टोबरला, स्वातंत्र्यदिनी, गानी बंदी झुगारून नॅशनल कॉन्शन्स पार्टी काढतात. त्याच वर्षी त्यांच्या कचेरीवर बंदूकधारी हल्ला करतात आणि पहारेकरी जखमी होतात.

१९९५. पोर्ट हारकोर्ट, नायजर नदीचा त्रिभुज प्रदेश. हवेला तेलाचा वास आहे. लेखक केन सारो-विवा आणि त्यांचे ओगोनी जमातीतले साथीदार एका विशेष न्यायाधिकरणापुढे उभे आहेत. १९९४ च्या मे महिन्यात चार ओगोनी पुढाऱ्यांना जमावाने ठार मारलं, त्याला चिथावणी दिल्याचा आरोप. सारो-विवा त्या वेळी तिथे हजर नव्हते. त्यांचा खरा अपराध असा की ओगोनी जमिनीत तेल सांडणाऱ्या शेल कंपनीविरुद्ध आणि तेलाचा पैसा नेणाऱ्या सरकारविरुद्ध त्यांनी लाखो लोक उभे केले. हे मी माझं मत म्हणून सांगतो, आणि ठाम मत म्हणून.

न्यायाधिकरणात तीन जण आहेत, त्यातला एक लष्करी अधिकारी. इथल्या निकालावर अपील नाही. बाहेर बंदुका घेतलेले सैनिक आहेत, वकिलांनाही धक्के खावे लागतात. सरकार पक्षाच्या दोन साक्षीदारांनी शपथपत्रावर सांगितलं आहे की आम्हाला पैसे देऊन बोलायला लावलं. बचावाच्या वकिलांचे नेते गानी आहेत. त्यांच्याकडे बघा. हाच माणूस १९८४ मध्ये बहिष्कार मोडून अशाच न्यायाधिकरणापुढे उभा राहिला होता.

जूनमध्ये ते आणि त्यांचे सहकारी बाहेर पडतात. आम्ही इथे थांबलो तर या नाटकाला न्यायालयाचं रूप येतं, हे त्यांचं म्हणणं. या निर्णयाचं ओझं तुम्हाला वाटलं नाही तर तुम्ही नीट बघत नाही आहात. वकील गेले, आरोपी मात्र पिंजऱ्यातच राहिले. थांबले असते तर फाशी टळली असती का? मला नाही वाटत. निकाल दुसरीकडे ठरलेला होता. पण बाहेर पडणाऱ्या वकिलाला हे कधीही खात्रीने कळत नसतं, आणि त्या अनिश्चिततेसह त्याला पुढची वर्षं काढावी लागतात. १० नोव्हेंबर १९९५ ला सारो-विवा आणि आठ जणांना फासावर चढवलं. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रकुलाने नायजेरियाचं सदस्यत्व निलंबित केलं. एका न्यायालयाचा पोकळपणा जगाला दिसला, त्यात त्या बहिर्गमनाचा वाटा आहे.

अडीच महिन्यांनी, ३० जानेवारी १९९६, मंगळवार. सकाळचे सहा. तुम्ही इकेजामध्ये गानींच्या घराशी आहात. सहा माणसं येतात. आम्ही सुरक्षा सेवेचे आणि पोलीस आहोत, म्हणतात. वॉरंट दाखवत नाहीत. आरोप सांगत नाहीत. आधी शांगिशाच्या कचेरीत, मग उत्तरेला बाउचीच्या तुरुंगात. १९८४ चा दुसऱ्या क्रमांकाचा फतवा त्यांच्या हाताशी आहे: राज्याच्या सुरक्षेसाठी कोणालाही खटल्याविना डांबता येतं, आणि कोर्टाने त्यात तोंड घालायचं नाही.

कोर्टाचं दार फतव्याने बंद केलं आहे, राज्यघटनेतले हक्क गोठवले आहेत. आता काय उरलं? गानींच्या वकिलांनी एक वेगळंच पुस्तक काढलं. आफ्रिकी देशांनी मिळून केलेली मानवी आणि लोकहक्कांची सनद नायजेरियाने १९८३ मध्ये आपल्याच संसदेत कायदा करून स्वीकारली होती. लष्कराने घटना गोठवताना तिकडे लक्षच दिलं नव्हतं. या सनदेच्या आधारे अटकेला आव्हान दिलं गेलं. खटला वर चढत गेला. मधल्या काळात १९९८ च्या जूनमध्ये अबाचा वारले, पुढच्याच महिन्यात कैदेतले अबिओलाही गेले, १९९९ मध्ये लष्कर बराकीत परतलं. २८ एप्रिल २००० ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ही सनद देशाचा कायदा आहे, साध्या कायद्यांहून तिचं बळ जास्त आहे, पण ती राज्यघटनेच्या वर नाही. गानींना हवं होतं तेवढं सगळं मिळालं नाही. तरी आज नायजेरियात आंतरराष्ट्रीय करार आणि देशी कायदा यांचा वाद निघाला, की अबाचा विरुद्ध फावेहिन्मी हे नाव निघतं. तो निवाडा हवा असेल तर २००० सालचा सहावा खंड काढा, भाग ६६०, पान २२८. एका माणसाने स्वतः काढलेल्या साप्ताहिकात त्याच्याच अटकेची हकिगत कायदा होऊन छापली गेली.

लोकशाही आली म्हणून ते घरी बसले नाहीत. लागोसचे गव्हर्नर बोला टिनुबू यांच्या शैक्षणिक प्रमाणपत्रांची पोलिसांनी चौकशी करावी, असा त्यांनी आग्रह धरला. गव्हर्नरला घटनेचं संरक्षण आहे, असं उत्तर आलं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पदावरच्या गव्हर्नरवर खटला चालवता येत नाही, पण त्याच्याविरुद्ध तपास करायला पोलिसांना आडकाठी नाही. हेच टिनुबू पुढे २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. २००१ साली ज्येष्ठ वकिलाचा तो रेशमी झगा अखेर गानींना मिळाला, विद्यार्थ्यांनी आपला किताब दिला त्यानंतर तेरा वर्षांनी. २००३ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. मोजणीच्या दिवशी तुम्ही असाल तर वाईट वाटेल. एक लाख साठ हजारांच्या आसपास मतं, शेकडा अर्धाही नाही. ज्यांच्यासाठी हा माणूस फुकट लढला त्यांनीही त्याला मत दिलं नाही. मी याबद्दल मतदारांना दोष देणार नाही. पैसा, प्रांत आणि पक्षयंत्रणा यांवर चालणाऱ्या निवडणुकीत ते काय करणार होते? आणि वकील म्हणून हवासा वाटणारा माणूस राज्यकर्ता म्हणूनही हवासा वाटलाच पाहिजे, असं थोडंच आहे.

२००७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा कर्करोग सांगितला. त्याआधी मायदेशात त्याचं निदान चुकत राहिलं होतं. गानींनी हे उघडपणे सांगितलं, कारण त्यांना ते फक्त स्वतःचं दुखणं वाटलं नाही. माझ्यापाशी लंडनला जायचे पैसे आहेत, ज्यांच्यापाशी नाहीत त्यांचं काय, हा त्यांचा सवाल होता. २००८ च्या डिसेंबरात सरकारने मोठा राष्ट्रीय सन्मान जाहीर केला. आजारी गानींनी तो परत केला: दवाखाने नाहीत, वीज नाही, लूट थांबत नाही, अशा सरकारच्या हातून सन्मान कसा घेऊ? ५ सप्टेंबर २००९ ला लागोसमध्ये ते गेले. ओंडोला त्यांना माती दिली गेली तेव्हा रस्ते माणसांनी भरले होते.

अजून दोन ठिकाणं, मग तुम्ही मोकळे. जानेवारी २०१२, लागोसमधलं ओजोटा. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी सरकारने पेट्रोलचं अनुदान काढलं आणि लिटरमागे ६५ नायरांचा दर दुपटीहून वर गेला. त्याविरुद्ध हजारो लोक ज्या मैदानात रोज जमताहेत त्याचं नाव गानी फावेहिन्मी पार्क. गर्दीतल्या कितीतरी पोरांनी गानींना कोर्टात कधी पाहिलेलं नाही. वक्ते मंचावर येतात, जनरेटरवर ध्वनिक्षेपक चालतो, पाण्याच्या पिशव्या विकणाऱ्या बायका गर्दीतून वाट काढतात.

आणि १६ फेब्रुवारी २०२४, अबुजाचं फेडरल हायकोर्ट. अर्जदार आहे मीडिया राइट्स अजेंडा ही पत्रकारांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था. मारल्या गेलेल्या पत्रकारांची नावं तिने कोर्टापुढे ठेवली आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्याही घरातली ही संस्था नाही. न्यायमूर्ती इन्यांग एक्वो अर्ज ऐकून घेतात आणि सरकारला आदेश देतात की या हत्यांचा तपास करा, दोषींवर खटले भरा. नावांच्या यादीतलं सगळ्यात जुनं प्रकरण १९ ऑक्टोबर १९८६ चं आहे: डेले गिवा.